मेकॅनिकलचा विद्यार्थी, मुळशीचा सेनापती

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे आणि मुंबईत दादर-माहीमच्या बाजूला सेनापती बापट मार्ग आहे. पुण्याच्या रस्त्याचं आपण एस. बी. रोड करून टाकलं, जुने मुंबईकर अजूनही तुळशी पाइप रोड म्हणतात. त्यामुळे हे सेनापती कोण, हा प्रश्न सहसा कुणाला पडतच नाही. हा लेख लिहायचं ठरल्यावर हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर मी सहज विचारून पाहिलं. तिघांनी पेशव्यांचा सरदार सांगितला, एकाने त्यांना थेट आझाद हिंद सेनेत भरती केलं, आणि एक जण म्हणाला, असेल कुणीतरी लष्करातला. हा माणूस आपल्याच जमातीतला, म्हणजे इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, हे एकालाही माहीत नव्हतं. त्यातही मेकॅनिकलचा! (मेकॅनिकलवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. त्यांचा कोर्स पुरा झाला नाही. का झाला नाही ते पुढे येईलच.)

आणि सेनापती ही पदवी त्यांना मिळाली ती कुठल्या लढाईत? तर एक जलविद्युत धरण अडवण्याच्या लढाईत. म्हणजे जी गोष्ट आपण फ्लुइड मशिनरीच्या पेपरात दहा मार्कांसाठी आकृतीसह लिहितो, ती गोष्ट थांबवण्यासाठी हा माणूस सात वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगतो, मला ते पटलं नव्हतं. वीज नको म्हणणारा इंजिनिअर कसा असू शकतो? म्हणून मग मिळेल ते वाचत गेलो.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. घरची परिस्थिती बेताची, पण डोकं तल्लख. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९०३ साली बी. ए. झाले आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ मध्ये विलायतेला गेले. एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवलेला मुलगा स्कॉटलंडमध्ये यंत्रं शिकतोय, हे चित्र मला फार आवडतं. आपल्याकडे बारावीला एकदा ग्रुप ठरला की माणूस जन्मभर त्याच खाचेत बसतो.

तिथे कॉलेजाबरोबर ते रायफल चालवायलाही शिकले. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचा पंचनामा करणारं एक भाषण त्यांनी दिलं आणि शिष्यवृत्ती बंद झाली. आपली फी माफी गेली तर आपण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीवर रडकं तोंड करून उभे राहू. बापट लंडनला इंडिया हाऊसमध्ये गेले. तिथे श्यामजी कृष्णवर्मा होते, सावरकर होते. तिथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची विद्या मिळवली. हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हे त्यांचे त्यातले सोबती. त्या विद्येची पुस्तिका घेऊन १९०८ मध्ये बापट परत आले. त्याच वर्षी अलीपूरचा बाँब खटला उभा राहिला, त्यांचं नाव पोलिसांपर्यंत पोचलं आणि चार-पाच वर्षं अज्ञातवासात गेली. शेवटी इंदूरला पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले.

एवढ्यावर एखादा सिनेमा निघेल. पण मला विशेष वाटतं ते यापुढचं. सुटून पारनेरला आल्यावर त्यांनी हातात झाडू घेतला. रोज सकाळी उठून गावचे रस्ते झाडायचे. अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांना मुलाच्या बारशाला घरी जेवायला बसवलं, तेही १९१४ साली. त्या काळात याची किंमत काय मोजावी लागत असेल ते आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा. पुढे पुण्यात मराठा पत्रात काम केलं, केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात हातभार लावला. १९२० च्या सुमारास मुंबईत झाडू कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करत दारोदार फिरले. थोडक्यात, एका जागी बसणारा हा माणूस नव्हता. आणि नेमकं याच सुमारास मुळशीचं प्रकरण पेटलं.

आता थोडं इंजिनिअरिंग करू, कारण त्याशिवाय मुळशी का बुडाली ते कळत नाही.

मुंबईच्या गिरण्या लांबून आणलेल्या कोळशावर चालत. टाटांनी घाटमाथ्यावरचा पाऊस विजेसाठी वापरायचं ठरवलं. पहिलं केंद्र खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झालं, दुसरं भिवपुरीला १९२२ मध्ये. तिसऱ्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली आणि जागा ठरली पुण्याच्या पश्चिमेला, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी पेट्यात. योजना कागदावर बघितली तर कुणीही इंजिनिअर वा म्हणेल. सह्याद्रीचा कडा आयताच उभा आहे. मुळा पूर्वेला वाहते. तिला अडवायचं, पाणी बोगद्यातून पश्चिमेला न्यायचं आणि कड्यावरून पाइपातून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडायचं. हेड मिळतो सुमारे ५०० मीटर. मी गणित करून पाहिलं. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली उतरलं की त्याची स्थितिज ऊर्जा साधारण ४९ लाख ज्यूल, म्हणजे १.३६ युनिट. टर्बाइन, जनरेटरची गळती वजा करून सव्वा युनिटच्या जरा खाली आलं तरी उत्तम. पेल्टन व्हीलसाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

पण इथेच एक मेख आहे. सर्वसाधारण धरणात उंची मिळते ती भिंतीमुळे. मुळशीला उंची कड्यामुळे मिळाली. भिंत हवी होती ती फक्त साठवणीसाठी. पाऊस चार महिने आणि गिरण्या बारा महिने, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांचं पाणी धरून ठेवायला एक रुंद, सपाट तळाचं खोरं हवं होतं. आणि घाटात सपाट तळाचं खोरं म्हणजे काय? भातखाचरं. गावं. देवळं. डोंगराळ मुलखात माणूस आणि धरण दोघांना तीच जागा लागते. साठवण जितकी सोयीची, तितकी तिथली शेती जुनी. मुळशीचा आंबेमोहोर आजही नाव टिकवून आहे, तेव्हा तर ते खोरं भाताचं कोठारच होतं. पन्नासच्या आसपास गावं आणि सुमारे ११,००० माणसं बुडितात जाणार होती. ही माणसं स्वतःला शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वंशज म्हणवत, आणि त्यात बढाई काही नव्हती.

जमीन घ्यायची पद्धत कशी? तर १८९४ चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन ताब्यात घेऊ शकतं, आणि कंपनीसाठीही घेऊन देऊ शकतं अशी त्यात स्वतंत्र तरतूद. शेतकऱ्याची हो किंवा नाही विचारण्याचा रकानाच नव्हता. होता तो फक्त किमतीचा. संपादन पुरतं व्हायच्या आधीच शेतात चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की आपलं गाव नकाशावरून जायचं आहे. आपण साइट सर्व्हेला गेलो की थिओडोलाइटचे पाय कुणाच्या तरी बांधावर रोवतो. बांधाचा मालक लांब उभा राहून बघत असतो. त्याला आपण काय करतोय ते कोणी सांगतं का, याचा विचार मी हे वाचेपर्यंत केला नव्हता.

गावकरी, पुण्यातले काही कार्यकर्ते आणि काँग्रेसची मंडळी एकत्र आली. विनायकराव भुस्कुटे या लढ्याचे मुख्य कर्ते; पुढे त्यांनीच याचा इतिहासही लिहून ठेवला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे १२०० मावळे धरणाच्या कामावर चालून गेले. चालून गेले म्हणजे हातात काही न घेता जाऊन बसले. काम बंद पडलं. त्या वेळी असहकाराची चळवळ देशभर जोरात होती, मुळशीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. गांधीजींनीही सहानुभूती दाखवली आणि टाटांनी फेरविचार करावा असं सुचवलं. कंपनीने काम काही महिने थांबवलं. लोकांना वाटलं, जिंकलो.

वर्ष संपेपर्यंत काम पुन्हा सुरू झालं. आता लढा लांबला, आणि लांबलेल्या लढ्यात जे होतं ते सगळं इथे झालं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. सावकार पुण्याचे. नुकसानभरपाई ज्याचं नाव कागदावर त्याला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्याला नव्हे. साहजिकच सावकारांना धरण होण्यात तोटा नव्हता, उलट बुडीत कर्ज रोखीत मिळत होतं. पुण्यातल्या पुढाऱ्यांतही दोन तट पडले. एक म्हणायचा धरण नकोच, दुसरा म्हणायचा चांगला भाव घेऊन मोकळे व्हा. हा दुसरा तट अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही. पाणी येणारच असेल तर हातात चार पैसे असलेले बरे, असा हिशोब घरात लहान मुलं असलेला माणूस करणारच. पण प्रत्येकाने भरपाई उचलली की लढणाऱ्यांचा आकडा एकाने कमी होत होता.

जे उरले त्यांनी कष्टाची कमाल केली. मारहाण झाली, दंड झाले, माणसं तुरुंगात गेली. पुरुषच नाही, बायका आणि पोरंही तुरुंगात गेली. मिळून सव्वाशेच्या आसपास. जीव गेला तरी जमीन सोडणार नाही, अशी शपथ घेतलेली ही माणसं. आणि त्यांच्या पुढे होते बापट. मुळशीच्या लोकांनीच त्यांना सेनापती म्हणायला सुरुवात केली. सरकारने दिलेली पदवी नाही, विद्यापीठाने दिलेली नाही, कुणा महाराजाने तर नाहीच. गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या माणसांनी दिलेली. एडिंबरोची पदवी अर्धी राहिली होती. ही पुरी मिळाली आणि मरेपर्यंत नावापुढे राहिली.

पहिल्यांदा ते पकडले गेले तेव्हा काही महिन्यांची शिक्षा झाली. सुटले, परत मुळशीला. दुसऱ्यांदा एक वर्ष. सुटले, परत मुळशीला. मला वाटतं, त्यांच्या स्वभावाची चावी इथे आहे. पॅरिसहून बाँबची पुस्तिका आणणारा आणि पारनेरचा रस्ता झाडणारा, ही दोन माणसं नव्हेतच. हाती घेतलेलं काम दिसेल तसं, स्वतःच्या हाताने, लगेच करायचं. निवेदन द्या, शिष्टमंडळ न्या, समिती नेमा, यात त्यांचा जीव रमत नसे.

त्यामुळेच शेवटचा प्रसंग घडला असावा. १९२४ च्या अखेरीपर्यंत चळवळ जवळजवळ विझली होती. भिंत रोज वर चढत होती. त्या डिसेंबरात बापटांनी मोजके साथीदार घेऊन धरणाचं सामान नेणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर दगड रचले, गाडी अडवली आणि शस्त्रं वापरली. गाडीवरची माणसं जखमी झाली. मग पळून न जाता बापट स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांचा स्वतःचा एक विचार होता. शुद्ध मनाने, परिणाम भोगायची तयारी ठेवून केलेला प्रतिकार हा सत्याग्रहच, मग प्रसंगी त्यात शस्त्र आलं तरी चालेल. त्याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. गांधीजींना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. बहुतेकांनी भरपाई घेतली आहे आणि पुढाऱ्याचा अहिंसेवर विश्वास नाही, ही कारणं देऊन त्यांनी या लढ्यातून अंग काढून घेतलं.

मला स्वतःला तो रुळांवरचा प्रसंग पटत नाही. गाडीवर जखमी झालेली माणसं रोजंदारीवरची होती, धरणाचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता. चरित्र लिहिताना अशी पानं भराभर उलटायची पद्धत आहे, किंवा मग त्याला धाडस म्हणून टाळ्या वाजवायची. पण त्याच वेळी हेही दिसतं की चार वर्षं निःशस्त्र बसून, मार खाऊन, तुरुंग भोगूनही भिंत एक दिवस थांबली नव्हती, थांबली होती ती फक्त पहिले काही महिने. बापटांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. कदाचित भरपाईचा अर्ज भरला असता.

शिक्षा झाली सात वर्षांची. सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात ती त्यांनी भोगली. इकडे १९२७ मध्ये भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. सुमारे ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटर लांब अशी दगडी भिंत उभी राहिली, मागे १८ टीएमसीच्या आसपास पाणी साठलं. बापट १९३१ साली सुटून बाहेर आले तेव्हा ज्या खोऱ्यासाठी ते आत गेले होते ते चार वर्षं पाण्याखाली होतं.

आता सुरुवातीच्या माझ्या प्रश्नाकडे येतो. वीज नको म्हणणारा इंजिनिअर कसा? उत्तर असं की बापट वीज नको म्हणत नव्हते. यंत्र त्यांना कळत होतं, निदान त्या खोऱ्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त. त्यांचा सवाल यंत्राबद्दल नव्हताच. एका खाजगी कंपनीच्या फायद्याला सार्वजनिक काम हे नाव कोणी दिलं, आणि ज्यांची नदी वळवायची, ज्यांची शेतं बुडवायची त्यांना आधी विचारायचं की नाही, हा तो सवाल होता. गिरण्यांना वीज हवी होती हे खरं आहे, आणि त्या गिरण्यांत मावळातले, कोकणातले कामगार होते हेही खरं आहे. पण एकाच्या गरजेसाठी दुसऱ्याने सगळं द्यायचं आणि त्याला नाही म्हणायचीही सोय नाही, हा व्यवहार यंत्रशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आज आपण नदी वाचवा म्हणतो, मोकळ्या वाहणाऱ्या नद्यांवर बोलतो, मासे, जंगल, गाळ यांचा विचार करतो, तशी भाषा मुळशीत नव्हती. तो लढा जमिनीचा होता. पण जमीन आणि नदी तिथे वेगळ्या नव्हत्या. भाताचं खाचर म्हणजे पावसाळ्यातली नदीच, बांध घालून थोडी थांबवलेली. धरणाविरुद्धचा संघटित लढा म्हणून मुळशीचं नाव जगात अगदी पहिल्यांत घेतलं जातं. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर अभ्यास करून पुस्तक लिहिलं आणि त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवरचा जलविद्युत प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे रद्द झाला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. नर्मदेचं आंदोलन त्याच दशकातलं. मुळशी त्यांच्या साठ वर्षं आधीची. तिथे ना टीव्ही होता, ना पर्यावरणाचा कायदा, ना पुनर्वसनाचा.

बापटांचं पुढचं आयुष्य म्हणजे आणखी एक लेख होईल, म्हणून धावतं सांगतो. सुटल्यावर काही महिन्यांतच एका भाषणासाठी पुन्हा शिक्षा झाली, ती १९३७ ला संपली. १९३९ मध्ये निजामाच्या हैदराबादेत सत्याग्रह केला. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. वयाच्या पंचाहत्तरीत, १९५५ साली, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले. आपल्याकडे पंचाहत्तरीला शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवतात! मग संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. १९७७ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, रस्त्यांना नाव मिळालं. तिकिटावर आणि रस्त्याच्या पाटीवर मुळशीचा उल्लेख करायला जागा नसते.

आणि नदीचं काय झालं? मुळा पुण्याला येऊन मुठेला मिळते, पुढे हे पाणी भीमेत जातं. भीमा उजनीला, तिथून पंढरपूरला चंद्रभागा होऊन, आणि शेवटी रायचूरजवळ कृष्णेला. म्हणजे मुळशीच्या डोंगरात पडलेला पाऊस मुळात पंढरपूरच्या वाटेवरचा होता. तो आता घाटाच्या पोटातून पश्चिमेला जातो. टाटांची सगळी घाटमाथ्यावरची धरणं मिळून भीमेच्या खोऱ्यातलं वर्षाला चाळीसेक टीएमसी पाणी असं कोकणात उतरतं. स्वातंत्र्यानंतर कोयनेला आपल्याच सरकारने तोच कित्ता आणखी मोठ्या प्रमाणावर गिरवला. पुणे-सोलापूरकडे दुष्काळ पडला की हे पाणी पूर्वेला सोडा अशी मागणी होते, आणि पाऊस पडला की विसरली जाते. कडक उन्हाळ्यात मुळशीच्या जलाशयाची पातळी खूप खाली गेली की जुन्या गावांचे दगडी अवशेष वर येतात.

कोकणात मात्र त्या पाण्याची सवय झाली आहे. भिऱ्याच्या टर्बाइनमधून निघालेलं पाणी कुंडलिका नदीत जातं आणि रोह्याकडची शेती, कारखाने त्यावर चालतात. कोकणातल्या बाकीच्या नद्या मार्चमध्ये खडक दाखवू लागतात, ही ऐन मे महिन्यातही वाहते. आपल्या कॉलेजची पोरं दरवर्षी कोलाडला राफ्टिंगला जातात ती हीच नदी. तिथे बोटींची वेळ वीजकेंद्रातून पाणी कधी सुटतं त्यावर ठरते. ते पाणी मुळेचं आहे.